काका, थोरला तुमच्या आधी गेला तर?

मृत्युपत्र करायला वकिलाकडे जाणाऱ्या माणसाच्या पिशवीत बहुधा वहीचं फाडलेलं एक पान असतं. त्यावर सगळं ठरलेलं असतं. कोथरूडचा फ्लॅट थोरल्याला, गावची जमीन धाकट्याला, दागिने मुलीला, बँकेत जे काय उरेल ते बायकोला. वकिलाने आता एवढंच कायद्याच्या भाषेत टाईप करून द्यायचं, अशी समजूत. चांगला वकील ते पान वाचतो, बाजूला सरकवतो आणि विचारतो, "काका, थोरला तुमच्या आधी गेला तर?"

असं बोलणं आपल्याकडे अभद्र मानतात, त्यामुळे खोलीत जरा अवघडल्यासारखं होतं. पण वकिलाला जी फी द्यायची, ती मुख्यतः या प्रश्नाची. कोणाला काय द्यायचं हे ठरवायला वकील लागत नाही, ते घरी बसून ठरतं. मृत्युपत्र लिहिल्यापासून ते उघडेपर्यंत दहा, वीस, कधी तीस वर्षं जातात. तेवढ्यात माणसं जातात, सुना-जावई बदलतात, बिल्डिंगी पाडून नव्या उभ्या राहतात, बँकांची नावं बदलतात. कागदावरचा मजकूर मात्र होता तसाच राहतो. या मधल्या वर्षांची तजवीज कागदात करून ठेवणं, हे वकिलाचं खरं काम.

थोरल्याच्या प्रश्नाचं कायद्यातलं उत्तरच पाहा. भारतीय वारसा कायदा १९२५ सालचा. त्याचं कलम १०५ म्हणतं की ज्याला द्यायचं तो आधीच वारला, तर ती देणगी संपली; ती वस्तू उरलेल्या मालमत्तेत मिसळते. भाऊ, पुतण्या, मित्र, बायको, सगळ्यांना हा नियम लागू. मुलगा, मुलगी, नातू असे आपले वंशज मात्र याला अपवाद. कलम १०९ प्रमाणे मुलगा आधी गेला पण त्याची मुलं हयात असतील, तर देणगी टिकते; आणि ती अशी टिकते, की जणू मुलगा वडिलांच्या नंतर लगेच वारला. म्हणजे फ्लॅट थेट नातवंडांकडे जात नाही, तो मुलाच्या मालमत्तेत जातो. तिथून त्याच्या सगळ्या वारसांकडे: बायको, मुलं आणि त्याची आई. मुलाने स्वतः मृत्युपत्र करून ठेवलं असेल, तर तो त्यात लिहिलेल्या माणसाकडे जातो. मुलाची कर्जं असतील तर कर्ज देणारेही दारात येऊन उभे राहतात. हे सगळं टाळायला एक ओळ पुरते: "तो माझ्या आधी वारल्यास सदर सदनिका त्याच्या मुलांना समान हिश्शाने मिळावी." मुलं लहान असतील तर आणखी एक ओळ, ती सज्ञान होईपर्यंत कारभार कोणी पाहायचा याची. त्या दोन ओळी वहीच्या पानावर कधीच नसतात.

मृत्युपत्र केलंच नाही तर काय होतं, हेही बऱ्याच जणांना माहीत नसतं. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर सगळं बायकोचं, असा घरोघरी समज आहे. १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात पहिल्या वर्गाच्या वारसांत बायको आणि मुलं-मुली यांच्या बरोबरीने आईही आहे. आई हयात असेल, तर फ्लॅटमध्ये तिचाही समान हिस्सा लागतो. आणि तो हिस्सा आईच्या मागे तिच्या सगळ्या मुलांकडे, म्हणजे गेलेल्याच्या भावाबहिणींकडे पोचतो. विधवा वहिनीच्या घरात दीर-नणंदा असे नकळत भागीदार होतात. कोणाच्या मनात खोट असावी लागत नाही.

मूल नसलेल्या विधवेचं तर याहून अवघड. आईवडिलांकडून वारशाने आलेलं सोडलं, तर तिची स्वतःची कमाईसुद्धा, मृत्युपत्र नसेल तर, नवऱ्याच्या वारसांकडे जाते. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण या खटल्यात हेच सांगितलं. ती बाई लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झाली, सासरच्यांनी तिला घराबाहेर काढलं, माहेरी राहून शिकली, नोकरी केली, पैसे साठवले. ती गेल्यावर बँकेतले आणि प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना मिळाले. सहानुभूती हा निकालाचा आधार होऊ शकत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. एकट्या राहणाऱ्या, मूल नसलेल्या बाईने मृत्युपत्र आज करावं, पुढच्या महिन्यात नको.

वकिलाकडे पहिल्या भेटीला जाताना जे कागद न्यायचे, त्यात वाटणीच्या यादीपेक्षा मालकीचे कागद महत्त्वाचे. फ्लॅटचा नोंदणी झालेला करार आणि इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला त्या व्यवहाराचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, जमिनीचा ताजा सातबारा आणि फेरफार, शहरात जागा असेल तर प्रॉपर्टी कार्ड, डीमॅटचं स्टेटमेंट, ठेवी आणि विम्याची यादी, लॉकर कुठे आहे ते. हे कागद समोर आले की वहीच्या पानावरच्या निम्म्या ओळी डळमळतात. फ्लॅट "माझा" म्हणून लिहिलेला असतो आणि करारावर नवराबायको दोघांची नावं असतात. मग बहुधा निम्मा तिचा, आणि तिच्या निम्म्याचं मृत्युपत्र तिने करायचं. दोघांनी मिळून एकच कागद करण्याचा मोह इथे होतो. करू नये. एक गेल्यावर दुसऱ्याला तो बदलता येतो की नाही, यावर पुढे वर्षानुवर्षं वाद चालतात. दोन माणसं, दोन कागद.

कोकणातल्या घराचं वेगळंच. सातबाऱ्यावर चुलत-चुलत मिळून पंधरावीस नावं, त्यातली निम्मी माणसं कधीच गेलेली. इथे "माझं घर अमुकला" असं लिहून काही साधत नाही; "सामायिक मिळकतीतील माझा जो काही अविभक्त हिस्सा असेल तो" असंच लिहावं लागतं. कूळकायद्याने मिळालेली किंवा भोगवटादार वर्ग दोनची, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन असेल, तर आधी तिच्यावरच्या अटी पाहायच्या. गुजरातेत चालू असलेल्या १९४८च्याच कूळकायद्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली म्हटलं आहे, की शेतकरी नसलेल्याला मृत्युपत्राने जमीन देणं हेदेखील मनाई असलेलं हस्तांतर आहे. मुंबईतली पागडीची खोली बऱ्याच मृत्युपत्रांत आढळते, आणि ती तिथे लिहून उपयोग नसतो. पागडीची जागा भाडेकरूची मालकीची नसते. तो गेल्यावर भाडेकरूचा हक्क कोणाकडे जाईल हे भाडे नियंत्रण कायदा ठरवतो, आणि तो आधी पाहतो, की शेवटी त्याच्याबरोबर कुटुंबातलं कोण राहत होतं.

उलट "वडिलोपार्जित" या शब्दाचा धाक उगाच घेतला जातो. वडिलांनी स्वतःच्या पगारातून घेतलेला फ्लॅट मुलांसाठी वडिलोपार्जित होत नाही. वडील तो शेजाऱ्यालाही देऊ शकतात. एकत्र कुटुंबाच्या खऱ्याखुऱ्या मिळकतीतही स्वतःचा हिस्सा मृत्युपत्राने देता येतो. मुलींचा त्या मिळकतीतला जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्राने १९९४ सालीच काही अटींसह मान्य केला होता, देशभर तो २००५ साली आला. मुलींना वगळून हिस्से मोजणारी जुनी सवय वहीच्या पानावर अजून दिसते. वकिलाने ती तिथेच दुरुस्त करायची असते.

नॉमिनीवरून होणारे गैरसमज कितीही वेळा सांगितले तरी संपत नाहीत. नॉमिनी म्हणजे पैसे किंवा कागद ताब्यात घेणारा माणूस. मालक कोण, ते मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवतो. शेअर्सबद्दल मुंबई उच्च न्यायालयाचा २०१०चा एक निकाल वेगळं सांगत होता, म्हणून मधली काही वर्षं गोंधळ होता. शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर या खटल्यात १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो मिटवला: शेअर्स असोत वा म्युच्युअल फंड, नॉमिनी मालक होत नाही. हाउसिंग सोसायटीतही नॉमिनीला तात्पुरतं सभासदत्व मिळतं, फ्लॅट नाही. आता बँकेच्या ठेवीला नोव्हेंबर २०२५ पासून चार नॉमिनी टक्केवारीसह नेमता येतात. सोय चांगली आहे, पण त्यामुळे "टक्केवारी लिहिली, झालं मृत्युपत्र" असं म्हणणारे लोक वाढणार. नॉमिनेशन आणि मृत्युपत्र यांत एकच नावं ठेवावीत हे उत्तम. जमत नसेल, तर नॉमिनीने कोणासाठी पैसे धरून ठेवायचे हे मृत्युपत्रात साफ लिहावं.

आता ज्या एका वाक्याने सर्वांत जास्त घरं कोर्टात जातात ते. घरी लिहिलेल्या दर दुसऱ्या मृत्युपत्रात ते असतं: "माझ्या पश्चात माझी सर्व मिळकत माझ्या पत्नीस मिळावी व तिच्या पश्चात ती दोन्ही मुलांना समान मिळावी." वाचायला किती सरळ. पण पत्नीला काय मिळालं? मालकी मिळाली असेल, तर "तिच्या पश्चात" काय व्हायचं ते तिने ठरवायचं, नवऱ्याने नव्हे. फक्त तहहयात उपभोग मिळाला असेल, तर तिला फ्लॅट विकता येणार नाही, गहाण टाकता येणार नाही, आणि उद्या मोठं आजारपण आलं तर घर असून पैसा नाही. त्यात हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम १४. त्याच्या पहिल्या पोटकलमाप्रमाणे स्त्रीच्या ताब्यातली मिळकत तिच्या पूर्ण मालकीची होते. दुसरं म्हणतं, मृत्युपत्रानेच मर्यादित हक्क दिला असेल तर तो मर्यादितच. पोटगीच्या हक्कापोटी दिलेली मिळकत पहिल्यात बसते, हे १९७७च्या तुळसम्मा निकालापासून सांगितलं जातं. मग बायकोला दिलेलं घर नेहमीच पोटगीपोटी मानायचं का? निकाल दोन्ही बाजूंनी इतके झाले, की डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी हा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे पाठवला. ज्या वाक्यावर न्यायमूर्तींचं एकमत होत नाही, ते आपण वहीच्या पानावर सहज लिहून जातो.

वकील इथे दोनच रस्ते ठेवतो. एक, बायकोला "संपूर्ण व निर्वेध मालकी हक्काने" द्या आणि तिच्यावर सोपवा. ती तिचं मृत्युपत्र करेल. दोन, तहहयात हक्कच द्यायचा असेल तर त्याची लांबी-रुंदी लिहा. ती राहील, भाड्याने देऊ शकेल का? भाडं कोणाचं? सोसायटीचा मेंटेनन्स आणि मालमत्ता कर कोण भरणार? पुनर्विकास आला तर संमतीपत्रावर सही कोणाची, बिल्डर देईल ते तात्पुरत्या जागेचं भाडं आणि कॉर्पस, म्हणजे एकरकमी पैसे, कोणाच्या खात्यात? औषधपाण्यासाठी विकायची वेळ आली तर मुलांची संमती लागेल की नाही? ही यादी वाचून दाखवली, की बहुतेक जण पहिला रस्ता धरतात, आणि एकच फ्लॅट व थोड्या ठेवी असलेल्या घराला तोच योग्य. दुसऱ्या लग्नाची बायको आणि पहिल्या लग्नाची मुलं असतील, तर मात्र दुसरा रस्ता नीट आखून घ्यावाच लागतो. मतिमंद किंवा परावलंबी अपत्य असेल, तर याच्या पुढे जाऊन ट्रस्ट करावा लागतो.

पुनर्विकासाचा विषय निघालाच आहे तर वर्णनाबद्दल. "दुसरा मजला, सदनिका क्रमांक सात" असं नेमकं वर्णन करावं अशी शिकवण असते आणि ती बरोबरच आहे. पण बिल्डिंग पडली, त्या जागी नवी बावीस मजली झाली, आणि करार नव्या सदनिकेचा झाला, की मृत्युपत्रातला सात नंबर जगात उरत नाही. नेमकी दिलेली वस्तू मृत्यूच्या वेळी मालमत्तेत नसेल तर ती देणगी फोल जाते, असा १९२५च्या वारसा कायद्याच्या कलम १५२चा नियम. फ्लॅट विकून दुसरा घेतला, तरी तेच. मुदतठेवीच्या पावतीचा क्रमांक लिहिला तर पहिल्याच नूतनीकरणाला तो बदलतो. म्हणून वर्णनाच्या शेवटी जोड लागते: "किंवा तिच्या बदल्यात पुनर्विकासाने, विक्रीने वा अन्य प्रकारे मला मिळालेली सदनिका, रक्कम वा हक्क." ठेवींना क्रमांक घालूच नयेत, "माझ्या नावे कोणत्याही बँकेत असलेल्या सर्व ठेवी" आणि पुढे टक्केवारी, एवढं पुरे. सगळ्यात शेवटी उर्वरित मालमत्तेचं कलम: वर न लिहिलेलं, विसरलेलं, पुढे मिळणारं सगळं कोणाचं? हे कलम नसलं तर मृत्युपत्र असूनही त्या तेवढ्या मालमत्तेपुरतं ते नसल्यासारखंच, आणि आई, भाऊ, नवऱ्याचे वारस पुन्हा मागच्या दाराने आत. दोन कलमं एकमेकांना छेद देत असतील तर मृत्युपत्रात नंतरचं कलम खरं धरतात, हेही इथेच लक्षात ठेवायचं. घाईत शेवटी घातलेली ओळ वरचं सगळं खाऊन टाकू शकते.

एक्झिक्युटर म्हणजे ही वाटणी प्रत्यक्षात आणणारा. तो लाभार्थी असला तरी चालतो, मात्र आपल्यापेक्षा वयाने लहान, गावातच राहणारा आणि कागदपत्रांना न कंटाळणारा असावा. एकाच्या मागे दुसरा नेमून ठेवावा. समवयस्क मित्राला मानाने नेमण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मान राहतो, काम राहून जातं.

मसुदा तयार होतो तो बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला. मुंबईत सॉलिसिटर ही वेगळी परीक्षा देऊन मिळवायची पात्रता आहे आणि फोर्टातल्या जुन्या फर्म्स हे काम पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या. पुण्या-नाशकात, जिल्ह्याच्या गावी दिवाणी वकील हेच काम तितकंच चोख करतात. चांगला कोण हे ओळखायची खूण सोपी आहे. मुलगा बापाला गाडीत घालून आणतो, बापाच्या वतीने बोलू लागतो, तेव्हा जो वकील "तुम्ही जरा बाहेर बसा" म्हणतो, तो चांगला. यात शिष्टाचारापेक्षा पुराव्याचा भाग मोठा आहे. व्यंकटाचल अय्यंगार खटल्यातली सर्वोच्च न्यायालयाची १९५०च्या दशकातली कसोटी आजही जिल्हा न्यायालयांत रोज वाचली जाते: मृत्युपत्राचा मोठा लाभ ज्याला मिळतो त्यानेच ते करवून घेण्यात पुढाकार घेतला असेल, तर ती संशयास्पद परिस्थिती, आणि संशय दूर करण्याचा भार त्याच्यावर. वकिलाची फी मुलाच्या खात्यातून गेली, मसुदा मुलाच्या ईमेलवर आला, साक्षीदार मुलाचे मित्र. उलटतपासणीत याचा हार गुंफला जातो. एखाद्या मुलाला वगळायचं असेल तर कारण लिहावं, पण थोडक्यात आणि चिडून नव्हे. "त्याच्या शिक्षणासाठी व घरासाठी मी यापूर्वीच रक्कम दिली आहे" हे टिकतं. त्याच्या बायकोबद्दल चार ओळी लिहिल्या, की मन ताळ्यावर नव्हतं असं म्हणायला जागा होते.

आता सही. १९२५च्याच कायद्यातल्या कलम ६३च्या अटी तीनच: करणाऱ्याने सही करायची किंवा अंगठा उठवायचा, ती सही या मजकुरासाठीच आहे असं दिसेल अशा जागी हवी, आणि निदान दोन साक्षीदारांनी साक्ष घालायची. यातली तिसरी अट घरोघर मोडते. साक्षीदाराने करणाऱ्याला सही करताना पाहिलेलं हवं किंवा "ही माझीच सही" असं त्याच्या तोंडून ऐकलेलं हवं, आणि स्वतःची सही त्याच्या समोर करायला हवी. दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर हवेत असं नाही, पण करणारा दोघांच्याही वेळी समोर हवा. वडिलांची सही रविवारी घेतली, आणि कागद घेऊन सोमवारी शेजारच्या कुलकर्ण्यांकडे जाऊन "काका, इथे एक सही करा ना" म्हटलं, की मृत्युपत्र गेलं. मजकूर कितीही नामी असो.

वकिलाच्या टेबलावर म्हणून हे संथपणे चालतं. आधी मसुदा मोठ्याने वाचला जातो. इंग्रजीत असेल तर मराठीत समजावून दिल्याची ओळ शेवटी असते. ज्याला इंग्रजी येत नाही त्याने इंग्रजी कागदावर सही न केलेलीच बरी. मग प्रत्येक पानाच्या तळाशी सही, शेवटच्या पानावर मजकूर संपतो तिथे लगेच सही, मध्ये कोरी जागा नाही. केवळ सहीपुरतं वेगळं पान ठेवू नये, निदान मजकुराच्या दोन ओळी त्यावर याव्यात, म्हणजे पान बदललं असं कोणाला म्हणता येत नाही. सही बँकेत करतो तीच. हात कापत असेल तर सहीच्या जोडीला डाव्या हाताचा अंगठा. खाडाखोड झालीच तर तिथे करणाऱ्याची आणि दोन्ही साक्षीदारांची सही हवी, नाहीतर ती दुरुस्ती धरली जात नाही; त्यापेक्षा पान पुन्हा छापावं. साक्षीदारांची पूर्ण नावं, वय, पत्ता. ते करणाऱ्यापेक्षा वयाने लहान असावेत, कारण पुढे त्यांतल्या एकाला कोर्टात उभं राहायचं आहे. साक्षीदाराला किंवा त्याच्या जोडीदाराला दिलेली देणगी ख्रिस्ती आणि पारशी मृत्युपत्रांत रद्दच होते. हिंदूंना तो नियम लागू नाही, पण संशयाला निमित्त कशाला. ख्रिस्ती आणि पारशी माणसाने लग्न केलं की आधीचं मृत्युपत्र आपोआप संपतं, हाही भेद ध्यानात ठेवावा.

डॉक्टरचा दाखला कायद्याने लागत नाही. सत्तरीनंतर किंवा आजारपणात घ्यावाच, आणि तो त्याच दिवसाचा, नेहमीच्या डॉक्टरचा हवा. डॉक्टरच साक्षीदार झाला तर सर्वांत उत्तम.

स्टँपपेपर लागत नाही. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही, साधा कागद चालतो. नोटरीचा शिक्का मारला म्हणून साक्षीदारांची उणीव भरून निघत नाही. नोंदणी ऐच्छिक आहे, फी नाममात्र आहे, आणि करावी असंच मत द्यावंसं वाटतं, कारण दुय्यम निबंधकासमोर फोटो आणि अंगठा होतो, तारीख पक्की होते आणि मूळ कागद हरवला तरी प्रत मिळते. करणारा हयात असेपर्यंत ती प्रत त्याच्याशिवाय किंवा त्याच्या मुखत्याराशिवाय कोणाला मिळत नाही, तेव्हा मुलांना कळेल ही भीती नको. अंथरुणाला खिळलेल्यासाठी अधिकारी घरी येऊ शकतो. मात्र नोंदणी झाली म्हणजे आव्हान देता येत नाही, हे खरं नव्हे. नोंदलेली मृत्युपत्रंही संशयावरून रद्द झाली आहेत.

प्रोबेटचं, म्हणजे मृत्युपत्र अस्सल असल्याच्या कोर्टाच्या दाखल्याचं, चित्र नुकतंच बदललं आहे. आतापर्यंत मुंबईत केलेल्या किंवा मुंबईतल्या स्थावराबद्दलच्या हिंदू, बौद्ध, जैन, शीख, पारशी मृत्युपत्राला उच्च न्यायालयाचं प्रोबेट सक्तीचं होतं. मुलुंडच्या चेकनाक्याच्या अलीकडे सक्ती, पलीकडे ठाण्यात नाही. वारसा कायद्याच्या ज्या कलम २१३ मुळे हे होतं, ते संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये काढून टाकलं. आता प्रोबेट ऐच्छिक. तरी सोसायटीच्या कमिट्या आणि बँकांची टेबलं ते मागत राहणार, जुनी सवय आहे. जिथे वारसांत धुसफूस आहे तिथे प्रोबेट मागून घेतलेलंच बरं, कारण ते सगळ्यांवर बंधनकारक असतं. फक्त त्याने मृत्युपत्र अस्सल असल्याचं ठरतं. फ्लॅट त्या माणसाचा होता की नाही, हा वाद वेगळा चालतो.

हे सगळं हिंदूंच्या संदर्भात झालं. मुसलमान माणसाला अंत्यविधीचा खर्च आणि कर्जं वजा जाता एक तृतीयांशापेक्षा जास्त मालमत्ता वारसांच्या संमतीशिवाय मृत्युपत्राने देता येत नाही. गोव्यात धर्म कोणताही असो, वारसांचा राखीव हिस्सा असतो. मुलं असतील तर आपल्या मालमत्तेच्या अर्ध्यापुरतीच मोकळीक, आणि लग्नात मालमत्ता सामाईक असेल तर ती मुळात निम्मी जोडीदाराची. पुण्यात राहून पेडण्यात घर असणाऱ्यांनी पुण्याच्या मसुद्यात ते घर सरळ कोंबू नये, गोव्याच्या वकिलाला दाखवावं.

परदेशात असलेल्या मराठी माणसांची एक खास चूक. पुण्यातल्या फ्लॅटसाठी सुट्टीत येऊन इथे मृत्युपत्र करतात, आणि छापील मसुद्यात पहिलीच ओळ असते, "यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे मी रद्द करीत आहे." त्यात न्यू जर्सीतलं किंवा लंडनमधलंही रद्द होण्याचा वाद उभा राहतो. "भारतातील मालमत्तेपुरती" एवढे शब्द घालायचे, आणि तिकडच्या कागदातही तशीच मर्यादा घालून घ्यायची.

मूळ प्रत लॉकरमध्ये ठेवू नये. लॉकर एकट्याच्या नावे असेल तर उघडायला बँक वारसाचे कागद मागते, आणि ते कागद आत. वकिलाकडे, एक्झिक्युटरकडे किंवा सीलबंद पाकिटात जिल्हा निबंधकाकडे ठेवावी, आणि कुठे आहे ते निदान दोघांना सांगावं. देहदान, अवयवदान, अंत्यविधी कसा करावा हे मृत्युपत्रात लिहिणारे पुष्कळ. ते वाचलं जातं तेराव्यानंतर. त्या गोष्टी वेगळ्या कागदावर, फ्रिजवर चिकटवल्या तरी चालतील. व्हेंटिलेटर नको वगैरे इच्छांसाठी स्वतंत्र लिव्हिंग विल असतं, त्याला दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी लागतो.

मृत्युपत्र कितीही वेळा बदलता येतं. लहान बदलाला पुरवणी चालते, पण तिलाही तेच दोन साक्षीदार. पेनाने ओळ खोडून चालत नाही. दोनपेक्षा जास्त पुरवण्या झाल्या तर सगळंच नवं लिहावं. मग जुन्याचं काय करायचं, यावर वकिलांत एकमत नाही. काही म्हणतात फाडा, नाहीतर कोणीतरी तेच घेऊन कोर्टात उभा राहील. काही म्हणतात ठेवा: नवं मृत्युपत्र कोर्टात पडलं तर त्यातलं जुनं रद्द करणारं कलमही पडतं, आणि मग जुनं उभं राहू शकतं, ते फाडलेलं असेल तर मामला थेट वारसा कायद्यावर जातो. जुन्या-नव्यात फक्त टक्केवारी इकडेतिकडे झाली असेल तर जुनं वकिलाकडे राहू द्यावं. जुन्यात अशा कोणाला सगळं दिलं असेल, की ज्याला आता काहीच द्यायचं नाही, तर मूळ प्रत स्वतःच्या हाताने फाडावी. मुलाला "जाळून टाक रे" म्हणून फोनवर सांगितलेलं पुरत नाही, करणारा समोर हवा. आणि ते नोंदलेलं असेल, तर नव्यात त्याचा नोंदणी क्रमांक आणि तारीख लिहून ते रद्द केल्याचं नमूद करावं, आणि नवंही नोंदवावं. निबंधकाच्या दप्तरातली नोंद घरात कागद फाडल्याने पुसली जात नाही.